सत्तरीसारख्या खोऱ्यात निरोपांचं रेडिओ-जाळं उभारायचं तर

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका युवक मंडळाचा आहे. म्हादईच्या खोऱ्यातलं गाव, आठ वाडे, मधून ओहोळ, पोफळीची कुळागरं आणि मागे सह्याद्रीची भिंत. जून-जुलैत तारांवर झाड पडून वीज जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंज जाते, आणि वाळपईला, तालुक्याच्या गावी, काही कळवायचं तर कुणीतरी भर पावसात मोटारसायकल काढायची. लोरा रेडिओवर इंटरनेटशिवाय मजकूर पाठवता येतो असं मंडळाने ऐकलं आहे. तीस यंत्रं घेता येतील एवढे पैसे उभे राहतील. कोणती घ्यावीत, किती लांब पोचतील, परवाना लागतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं पहिलं सांगणं: तीस घेऊ नका, सहा घ्या. उरलेले पैसे बॅटरी, पॅनेल, चांगली अँटेना आणि डोंगरावरच्या एका जागेची परवानगी यांवर घाला. अशा जाळ्यात निरोप पोचतो तो उंचीमुळे आणि लोकांच्या शिस्तीमुळे. यंत्रांची संख्या वाढवून ते सुधारत नाही, एका मर्यादेनंतर बिघडतंच. तसं का, ते सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

आधी मोबाइल का जातो ते बघू. टॉवर पडत नाही, त्याचा आधार तुटतो. वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग जनरेटरला डिझेल लागतं, आणि रस्त्यावर झाड आडवं असेल तर डिझेल पोचत नाही. केबल तारेच्याच खांबांवरून गेली असेल तर तीही त्याच झाडाखाली सापडते. २०२१ साली गोव्याने दोन महिन्यांच्या अंतराने हे दोनदा पाहिलं: मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात आणि २३ जुलैच्या पुरात, जेव्हा म्हादईचं पाणी सत्तरीतल्या घरांत शिरलं. तेव्हा तुमचं जाळं या आधारापासून पूर्ण सुटं हवं. त्यातला एकही रिपीटर, म्हणजे ऐकलेला निरोप पुन्हा उच्चारून पुढे पाठवणारं यंत्र, विजेच्या तारेवर किंवा कुणाच्या वायफायवर अवलंबून असेल, तर ते जाळं नेमकं हवं तेव्हाच बंद पडेल.

लोरा म्हणजे कमी शक्तीचा, अगदी सावकाश बोलणारा रेडिओ. फ्रान्समधल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीने हे तंत्र तयार केलं आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. त्याचा लहरींचा सूर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो, त्यामुळे गोंगाटाच्या पातळीखाली बुडालेला संकेतही घेणाऱ्याला ओळखता येतो. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत एसएक्स १२६२ ही चिप असते, ती २२ डीबीएम, म्हणजे सुमारे १६० मिलिवॉट शक्ती बाहेर टाकते. टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी शक्ती, पण समोर आडोसा नसेल तर ती वीस-तीस किलोमीटर सहज जाते. समोर डोंगराची धार आली तर मात्र दोन किलोमीटरही नाही.

सत्तरीत खरा खेळ या आडोशाचा आहे. खोऱ्याच्या तळात आठही वाड्यांत आठ यंत्रं ठेवली, तर कदाचित शेजारचे दोन वाडे एकमेकांना ऐकतील आणि बाकीचे मुके राहतील. चिऱ्याची भिंत, ओल्या पोफळी, मधली टेकडी, सगळं आड येतं. पण ज्या एका टेकडीवरून किंवा सड्यावरून आठांपैकी सहा वाड्यांची घरं दिसतात, तिथे एक रिपीटर बसवला की सहाही वाडे एका उडीत, म्हणजे निरोप एकदाच पुढे पाठवून, जोडले जातात. उरलेल्या दोन वाड्यांसाठी दुसरी जागा, आणि वाळपईच्या दिशेला उघडी असलेली तिसरी. म्हणून सुरुवातीला सहा: उंचावर तीन, चाचणीसाठी वाड्यावाड्यांत फिरवायला दोन, आणि वाळपईत एक. वाड्यांतली बाकीची यंत्रं मागाहून एकेक करून.

नुसती नजर पोचली म्हणजे रेडिओ पोचला असं नसतं. दोन टोकांमधल्या रेषेभोवती लहरींना फुगीर जागा लागते. ८६६ मेगाहर्ट्झला दहा किलोमीटरच्या अंतरात मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या सुमारे २९ मीटर होते, वीस किलोमीटरला जवळजवळ ४२ मीटर. त्यातली साठ टक्के जागा मोकळी असेल तर काम भागतं. मधल्या टेकडीच्या माथ्याला रेषा नुसती चाटून जात असेल, तर ती जोडणी उन्हाळ्यात चालेल आणि श्रावणात तुटेल. वीस किलोमीटरला पृथ्वीचा बाकही मध्यावर सहा मीटरच्या आसपास आड येतो, तो मात्र सत्तरीत तुम्हाला फारसा जाणवणार नाही, डोंगरच आधी आड येतात.

उंचीचा नकाशा घेऊन हे घरबसल्या तपासता येतं. अशा यंत्रांवर चालणाऱ्या मेशटास्टिक या सॉफ्टवेअरचं स्वतःचं साइट प्लॅनर आहे, त्यात जागा आणि उंची भरली की कुठे रेंज पोचेल ते रंगांत दिसतं. पण त्यावर विसंबू नका. नकाशाला तुमच्या गावची झाडं माहीत नसतात. आणि इथे एक गैरसमज दूर करतो: पाऊस स्वतः या लहरींना जवळजवळ अडवतच नाही. अडवतात ती ओली पानं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीचं रान अर्धं उघडं असतं, तेव्हाची चाचणी फसवी असते. खरी चाचणी जुलैत, चार दिवस सतत पाऊस पडल्यावर करा.

चाचणीत 'पोचलं, नाही पोचलं' एवढंच लिहू नका. प्रत्येक निरोपासोबत यंत्र संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर दाखवतं, तो आकडा वहीत टिपा. स्प्रेडिंग फॅक्टर (निरोप किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारी सेटिंग) १० असेल तर उणे १५ डेसिबलपर्यंत निरोप उलगडतो. उन्हाळ्यात उणे १२ दिसत असेल तर ती जोडणी पावसाळ्यासाठी नाहीच असं धरा. उणे ५ किंवा त्याहून चांगला आकडा हवा. एवढी राखीव ताकद हाताशी असली म्हणजे पानं भिजली, पॅनेलवर शेवाळ आलं, कुणी यंत्र खिडकीतून उचलून कपाटात ठेवलं, तरी निभावतं.

अँटेनाबाबत लोक जो पहिला उत्साह दाखवतात तो डोंगराळ भागात उलटा पडतो. दहा डीबीआय गेनची लांब अँटेना घेतली की रेंज वाढेल असं वाटतं (गेन म्हणजे अँटेना शक्ती एका दिशेला किती एकवटते त्याचं माप). पण अँटेना शक्ती निर्माण करत नाही, ती फक्त वळवते. जास्त गेनची उभी अँटेना सगळी शक्ती क्षितिजाकडे चपटी करून फेकते. डोंगराच्या कडेवर अशी अँटेना लावली तर ती समुद्राच्या दिशेने दूरवर बोलेल आणि पायाशी असलेला तुमचा वाडा तिच्या झोताखाली कोरडा राहील. खाली खोऱ्यात बघणाऱ्या रिपीटरला दोन-तीन डीबीआयची साधी अँटेना पुरते, तीच बरी. वाळपईकडे पाहणाऱ्या सपाट सड्यावरच्या रिपीटरला पाच-सहा डीबीआयची फायबरग्लासची चालेल. अँटेना ८६८ मेगाहर्ट्झची मागा. ४३३ ची दिसायला तशीच असते आणि काम करत नाही. आणि अँटेना जोडल्याशिवाय यंत्र कधीही चालू करू नका, चिपचा शेवटचा टप्पा जळू शकतो.

दुसरी गोष्ट केबलची. घरात यंत्र आणि छपरावर अँटेना, मध्ये दहा मीटर आरजी-५८ केबल, ही मांडणी सगळीकडे दिसते. या पट्ट्यात ती केबल दहा मीटरमागे पाच-सहा डेसिबल खाते, म्हणजे शक्तीचा जवळजवळ पाऊण भाग तारेतच संपतो. त्यापेक्षा यंत्रच पेटीत घालून अँटेनाच्या बुंध्याशी बसवा आणि फोन ब्लूटूथने जोडा.

आता शिस्तीबद्दल. या जाळ्यात सगळी यंत्रं एकाच वारंवारतेवर बोलतात. एक बोलत असताना दुसरं बोललं तर दोघांचंही बिघडतं. म्हणजे बोलायला मिळणारा वेळ हा सगळ्या गावाचा सामाईक, मोजका साठा आहे. कुळागरात पाटाचं पाणी पाळीने घेतात, आणि वरच्याने पाट फोडून ठेवला तर खालच्याची झाडं सुकतात, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे पाट फोडणारा बहुतेक वेळा माणूस नसून यंत्राची मूळची सेटिंग असते.

हिशेब करून बघा. मेशटास्टिकमध्ये यंत्र काही न सांगता दर पंधरा मिनिटांनी आपलं ठिकाण आणि दर अर्ध्या तासाने बॅटरीची स्थिती प्रसारित करतं, असं धरू. तीस यंत्रं म्हणजे तासाला १८० छोटे निरोप. प्रत्येक निरोप मूळ यंत्राने एकदा आणि तीन रिपीटरांनी एकेकदा उच्चारला, म्हणजे ७२० वेळा. एकेकाला सहा दशांश सेकंद धरले तर तासातली सात मिनिटं कुणीही माणसाने एक शब्द न लिहिता संपली. वाड्यावाड्यांतली यंत्रंही पुनरुच्चार करू लागली तर हा आकडा कितीतरी वर जातो. पूर आलेल्या रात्री 'आजी पडली, गाडी पाठवा' हा निरोप या बडबडीत आदळून हरवू शकतो. म्हणून घरात ठेवलेल्या यंत्राचं ठिकाण-प्रसारण पूर्ण बंद करा, ते घर कुठे हलणार आहे? बॅटरीची स्थिती फक्त डोंगरावरच्या यंत्रांनी सांगावी, तीही सहा-बारा तासांनी. वाड्यातल्या यंत्रांना पुनरुच्चार न करण्याची भूमिका द्या, मेशटास्टिकमध्ये तिचं नाव 'क्लायंट म्यूट' आहे. 'राउटर' ही भूमिका केवळ उंचावरच्या तिघांना. कुणी हौसेने आपल्या माडीवरच्या यंत्राला राउटर केलं, तर ते डोंगरावरच्या चांगल्या रिपीटरच्या आधी घाई करून बोलतं आणि निरोपाच्या उड्या वाया घालवतं. उड्यांची मर्यादा मूळची ३ असते. तुमच्या रचनेत तीच पुरेशी आहे, ७ पर्यंत वाढवायचा मोह नको.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, जी इंग्रजी माहितीपुस्तिकांत सापडत नाही. एका निरोपात साधारण २०० ते २३० बाइट मावतात. रोमन लिपीतलं एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची चिन्हं वेगळी मोजली जातात. 'क्षि' हे दिसायला एक अक्षर, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. तेव्हा देवनागरीत एका निरोपात सत्तर-पंचाहत्तर चिन्हंच मावतात, जेमतेम बारा-पंधरा शब्द. यासाठी मराठी सोडू नका. वाड्यातल्या म्हाताऱ्यांना, अंगणवाडीतल्या ताईंना देवनागरी एका नजरेत वाचता येते, आणि संकटात चुकीचं वाचणं परवडत नाही. उपाय असा: ठरावीक गोष्टींसाठी आधीच लहान शब्द ठरवा आणि ते छापून प्रत्येक यंत्राजवळ लावा. वाड्याचं नाव, काय घडलं, किती माणसं, काय हवं, या क्रमाने. 'वरचा वाडा. ओहोळ रस्त्यावर. ४ जण अडकले. दोर हवा.' एवढ्यात सगळं आलं, आणि एका निरोपात मावलं.

यंत्रं कोणती? उंचावरच्या रिपीटरसाठी मी एनआरएफ ५२८४० प्रोसेसरचंच यंत्र सुचवेन, रॅक ४६३१ त्यातलं सर्वांत रुळलेलं. कारण विजेची भूक. ते सरासरी दहा-बारा मिलिअँपिअरवर चालतं, दिवसाला सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास. तीन हजार मिलिअँपिअर-तासांचा एक सेल सूर्य न दिसता दहा दिवस टिकतो. ईएसपी ३२ प्रोसेसरची यंत्रं, उदाहरणार्थ हेल्टेक व्ही ३, स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत, पण सगळं चालू असताना शंभर मिलिअँपिअरच्या घरात खातात. तोच सेल त्यांना दीड दिवसही पुरत नाही. वाड्यात ती खुशाल वापरा, तिथे पॉवर बँक बदलता येते. डोंगरावर नको.

सौर पॅनेलचं गणित पावसाळ्याचं करा, उन्हाळ्याचं नको. सहा वॉटचं पॅनेल गच्च ढगाळ दिवशी दोन-तीन वॉट-तास देतं. रॅकची रोजची गरज सव्वा वॉट-तासाच्या आत आहे, म्हणजे आषाढातही ते तरून जातं. हेल्टेकला नऊ वॉट-तास लागतील, ते बुडणार. पॅनेल दक्षिणेकडे चांगलं तिरकं करावं असं सगळीकडे सांगितलं जातं. गोव्याचा अक्षांश पंधरा अंशांच्या आसपास, आणि जूनमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो. म्हणून पॅनेल जवळजवळ आडवंच ठेवा, फक्त पाणी आणि माती वाहून जाईल एवढा, दहा-पंधरा अंशांचा उतार द्या. झाडाच्या छायेत तर अजिबात नको, दुपारी एक फांदी आडवी आली तरी निम्मं उत्पादन जातं. डिचोली-सांगेकडच्या खाणरस्त्यांच्या बाजूला असाल तर लाल धूळ पॅनेलवर बसते, पावसाळ्याआधी एक हात फिरवावाच लागतो.

पेटी बाजारात मिळणारी जाड पीव्हीसीची जंक्शन बॉक्स चालते. पाणी वरून शिरत नाही, ते तारेच्या अंगाने चालत येतं. म्हणून सगळ्या तारा पेटीच्या तळातून आत घ्या, ग्लँड घट्ट करा, आणि आत जाण्याआधी तारेला खाली एक वळण द्या म्हणजे थेंब तिथेच गळतो. तळाला एक बारीक भोक ठेवा, त्यावर जाळी लावा. पूर्ण बंद पेटीत दमट हवा आतच पाणी होऊन साचते, आणि जाळी नसेल तर मुंग्या घर करतात. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ देऊ नयेत, एप्रिलच्या उन्हात काळी पेटी त्याच्या कितीतरी वर जाते. पांढरी पेटी घ्या, पॅनेलची सावली तिच्यावर पडू द्या. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल उष्णता जास्त सोसतात, पण त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. किनाऱ्यालगत कुणी हे करत असेल तर त्यांनी लोखंडी खिळे-पट्ट्या टाळाव्यात, खारा वारा वर्षभरात ते फस्त करतो.

विजांबद्दल गंभीरपणे सांगतो. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी कडकडाट होतो तेव्हा डोंगरमाथ्यावरचा धातूचा खांब धोक्याचा असतो. माथ्याच्या अगदी टोकावर खांब उभारू नका, थोडं खाली उतरा, रेंजमध्ये फारसा फरक पडत नाही. धातूचा खांब असेल तर त्याला नीट अर्थिंग द्या आणि अँटेनाच्या तोंडाशी अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा भाग) लावा. आभाळ गरजत असताना कुणालाही, कितीही महत्त्वाचं काम असलं तरी, वर पाठवू नका. यंत्र दुसरं मिळतं.

कायद्याचा भाग. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला, आणि २०२१ मध्ये त्याची वरची हद्द ८६८ पर्यंत वाढवण्यात आली. २००५ च्या नियमांनुसार पारेषकाची शक्ती १ वॉटपर्यंत, प्रभावी विकिरित शक्ती ४ वॉटपर्यंत आणि वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. तुमची १६० मिलिवॉटची यंत्रं शक्तीच्या मर्यादेत कितीतरी आत आहेत. अडचण रुंदीची आहे. मेशटास्टिकची मूळ सेटिंग 'लाँग फास्ट' २५० किलोहर्ट्झ रुंद आहे. यंत्रात 'भारत' हा प्रदेश निवडला म्हणजे सगळं नियमात बसलं असं समजू नका. मी रुंदी १२५ किलोहर्ट्झ आणि स्प्रेडिंग फॅक्टर १० अशी हाताने भरायला सांगतो. रुंदी निम्मी केल्याने ग्रहणक्षमता तीन डेसिबलने सुधारते, फॅक्टर ११ वरून १० केल्याने अडीच डेसिबल जाते. वेग आणि पल्ला जवळजवळ लाँग फास्टएवढाच राहतो आणि तुम्ही नियमाच्या आत येता. पूर्ण लांबीचा निरोप दोन सेकंदांत जातो. ही सेटिंग सगळ्या यंत्रांत तंतोतंत सारखी हवी, एकात फरक असला तरी ते यंत्र बाकीच्यांसाठी नसल्यासारखंच.

परवानामुक्त याचा अर्थ यंत्र कसलंही चालेल असा नव्हे. वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची प्रकारमान्यता लागते. म्हणून परदेशातून सुटी पार्सलं मागवण्यापेक्षा भारतात बिल देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्या, मान्यतेचा कागद मागा आणि फाइलला लावा. मे २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारपेठांना विनापरवाना वॉकीटॉकी विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा दिल्या, तेव्हापासून रेडिओ म्हटलं की प्रश्न विचारले जातात, आणि विचारले जावेतही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर उपग्रह संदेशयंत्र बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. तुमचं यंत्र उपग्रहाशी बोलत नाही, त्याचा कायदा वेगळा, पण डोंगरावर अँटेनावाली अनोळखी पेटी सापडली तर पोलिसाला हा फरक दिसणार नाही. तेव्हा सुरुवातीलाच पंचायत, मामलेदार कार्यालय आणि पोलीस ठाणे यांना लेखी कळवा: काय आहे, कुठे बसवणार, कोणती वारंवारता, जबाबदार कोण. पोचपावती घ्या. प्रत्येक पेटीवर मंडळाचं नाव आणि फोन नंबर, मराठीत आणि इंग्रजीत, न पुसणाऱ्या शाईने.

जागेचं तसंच. डोंगर कुणाचा तरी असतो: खाजगी, कोमुनिदादीचा (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेचा), सरकारी किंवा वनखात्याचा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एक खिळाही ठोकू नका. बहुतेक गावांत याहून सोपी जागा असते, सड्यावरची पाण्याची टाकी. ती उंच असते, तिथवर वाट असते आणि कुणीतरी नियमित जातं. देवळाच्या समितीने आवारातली जागा देऊ केली तर आनंदाने घ्या, देवस्थानच्या आवारातल्या पेटीला सहसा कुणी हात लावत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर? २०२० मध्ये सुरू झालेलं मेशटास्टिक आणि अलीकडचं मेशकोअर, हे दोन खरे पर्याय. मेशकोअरमध्ये फक्त रिपीटर पुनरुच्चार करतात आणि वाट एकदा कळली की निरोप त्याच वाटेने जातो. आखून केलेल्या जाळ्याला ते मनापासून शोभतं. पण मेशटास्टिकचं अॅप नवख्याला लवकर कळतं आणि अडलं तर विचारायला माणसं जास्त आहेत. पहिल्या पावसाळ्यासाठी मी तेच निवडेन. दोन्ही मिसळू नका, ती एकमेकांशी बोलत नाहीत.

मेशटास्टिकमधल्या तीन गोष्टी नीट समजून घ्या. मूळ चॅनेलची किल्ली साऱ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून गावाची स्वतःची किल्ली तयार करा आणि क्यूआर कोडने, समोरासमोर वाटा. चॅनेलचं नाव बदललं की त्या नावावरून वारंवारतेचा खण आपोआप बदलतो, त्यामुळे खणाचा क्रमांक हाताने भरून सगळीकडे एकच ठेवा. नाहीतर सगळं ठीक दिसतं आणि कुणी कुणाला ऐकत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची: सामाईक चॅनेलवर निरोपाला बरोबरची खूण आली, तर कुठल्यातरी यंत्राने तो पुढे म्हटला एवढंच तिचं म्हणणं. हव्या त्या माणसाने वाचला असा तिचा अर्थ नाही. म्हणून संकटाच्या निरोपाला माणसाने लिहिलेलं उत्तर येईपर्यंत तो पोचलाच नाही असं धरायचं. आजारपण, घरगुती त्रास असल्या गोष्टी सामाईक चॅनेलवर नकोत, सगळा गाव वाचतो. त्यासाठी थेट निरोप वापरा, २०२४ पासून त्याला वेगळं, दोघांपुरतं कूटलेखन आहे. आणि जाळं इंटरनेटला जोडणारी सोय बंदच ठेवा. बाहेरच्या निरोपांचा पूर आत येतो, आणि कायद्याचे प्रश्नही बदलतात.

राहिली माणसं, ज्यांच्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. हे जाळं १०८ ची रुग्णवाहिका बोलावू शकत नाही. ते फक्त अशा माणसापर्यंत निरोप नेतं ज्याच्याकडे चालू फोन आहे, किंवा जो चालत अग्निशमन केंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जाऊ शकतो. म्हणून वाळपईतलं यंत्र कुणाच्या घरी राहणार हा तुमच्या योजनेतला पहिल्या क्रमांकाचा निर्णय आहे. एक नव्हे, दोन घरं ठरवा. रात्री दोन वाजता उठणारी माणसं हवीत. वाड्यात यंत्र हौशी मुलाकडे देऊ नका, तो कॉलेजला पणजीला जातो. जो नेहमी गावात असतो त्याच्याकडे द्या: पोसरकार (दुकानदार), आशाताई, अंगणवाडीतल्या बाई, गावात आपदा मित्राचं प्रशिक्षण घेतलेलं कुणी असेल तर ते. यंत्रासोबत एक जुना फोन, त्यात फक्त हे अॅप, आणि तो चार्ज करायला लहान पॅनेल, हे सगळं एका डब्यात ठेवा. तीन दिवस वीज नसताना लोकांचे स्वतःचे फोनही मेलेले असतात, आणि ब्लूटूथला फोनच नसेल तर यंत्र नुसतं लुकलुकत बसतं.

आणि दर रविवारी संध्याकाळी एका ठरल्या वेळी हजेरी घ्या. प्रत्येक वाड्याने आपलं नाव आणि 'ठीक' एवढंच लिहायचं. वाळपईच्या माणसाने उत्तर द्यायचं. कोण गप्प आहे ते वहीत लिहायचं आणि सोमवारी जाऊन बघायचं. जे यंत्र दहा महिने कुणी उघडलं नाही ते अकराव्या महिन्यात चालत नाही, बॅटरी फुगलेली असते किंवा फोनचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. चवथीच्या दिवसांत सगळे गावी असतात, तेव्हा नव्यांना शिकवून घ्या.

सुरुवात अशी करा. आत्ता दोनच यंत्रं घ्या. एकजण टाकीपाशी उभा राहील, दुसरा आठही वाड्यांत फिरेल, प्रत्येक घराच्या आत, चुलीपाशी, खिडकीपाशी, अंगणात, आणि आकडे टिपेल. तीन-चार संभाव्य जागांसाठी हेच करा. जो नकाशा हाती येईल त्यावरून उरलेल्या चार यंत्रांची जागा ठरेल, आणि कदाचित तीन रिपीटर लागणारच नाहीत, दोनच पुरतील. पावसाळ्याआधी वेळ कमी असेल तर वाळपईची जोडणी आधी पूर्ण करा आणि वाडे एकेक करून जोडा. वहीतले आकडे आणि टेकड्यांची नावं कळवलीत तर कोणत्या जागी कोणती अँटेना ते मी सांगेन.